इंडेंटवर माणसांची नावं

महिनाअखेरीला उपकेंद्राचा इंडेंट, म्हणजे औषधांचं मागणीपत्रक, माझ्या टेबलावर येतो. छापील कागद, त्यावर औषधांची नावं, पुढे शिल्लक, मागणी आणि खाली सही. मागणीच्या रकान्यात गोल आकडे. पॅरासिटामॉल १०००, बीपीची अ‍ॅम्लोडिपिन ५००, शुगरची मेटफॉर्मिन ५००. गेल्या महिन्याचा कागद समोर ठेवून या महिन्याचा भरलेला असतो, हे बघताक्षणी कळतं. त्या पाचशेमागे माणसं किती, हे भरणाऱ्यालाही माहीत नसतं आणि देणाऱ्यालाही. देणाऱ्याची बाजू म्हणजे आमची. भांडारात जे शिल्लक आहे त्याला उपकेंद्रांच्या संख्येनं भागायचं, ई-औषधी या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर नोंद करायची, खोकं बांधायचं.

मी डोंगराळ तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी आहे. पदाचं नाव भारदस्त आहे. लोक मात्र ‘गोळ्या देणारे साहेब’ म्हणतात आणि ते काही फारसं चूक नाही. सकाळच्या ओपीडीत खिडकीवर रांग लागते. एका माणसामागे अर्धा मिनिट मिळतो. त्यात चिठ्ठी वाचायची, गोळ्या मोजायच्या आणि ‘ही सकाळी, ही जेवणानंतर’ एवढं सांगायचं. फार्माकॉलॉजीची जाडजूड पुस्तकं पाठ करून आलेल्या माणसाकडून सरकार मुख्यतः मोजणी करून घेतं, असं माझं जुनं गाऱ्हाणं आहे.

खालच्या एका उपकेंद्राला नवीन सीएचओ मॅडम आल्या आणि या कागदाला पहिल्यांदा कुणीतरी हरकत घेतली.

सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना आली आणि उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली. आता त्यांच्या पाट्या पुन्हा रंगवून ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झाल्यात. (रंगाऱ्याचं काम कधी थांबत नाही, औषधांचं थांबतं.) बी.एस्सी. नर्सिंग किंवा बीएएमएस झालेल्यांना सहा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन तिथे नेमतात. सपाटीवर ५००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात ३००० ला एक. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी आणि शुगर तपासायची, संशयित वाटला की आमच्या केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे एमओंकडे, पाठवायचा, एमओंनी औषध सुरू केलं की दर महिन्याला त्याच गोळ्या गावातच द्यायच्या. उपकेंद्राच्या यादीत १०५ औषधं आणि १४ तपासण्या आहेत, आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या यादीत १७२ औषधं आणि ६३ तपासण्या. यादी आणि कपाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वेगळं सांगायला नको.

मॅडमचं उपकेंद्र वाड्यावस्त्यांचं. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न होता, “सर, मी ५०० मागते ते कशावरून?” मी म्हटलं, “मागच्या वापरावरून.” त्या म्हणाल्या, “मागच्या महिन्यात गोळीच नव्हती, मग वापर कुठला?”

दुखणं नेमकं तिथेच होतं. एखाद्या महिन्यात अ‍ॅम्लोडिपिन आलीच नाही, तर त्या महिन्याचा वापर शून्य दिसतो. पुढच्या वेळी सरासरी काढली की मागणी आपोआप खाली येते. ज्या औषधाचा तुटवडा, त्याचीच मागणी कागदावर कमी होत जाते आणि वरच्या साहेबांना वाटतं, या भागात बीपीचे पेशंट घटले.

मॅडम एका दुपारी वही घेऊन भांडारात आल्या. वहीत वाडीवार नावं होती. कुणाला अ‍ॅम्लोडिपिन एकटी, कुणाला सोबत बीपीचीच टेल्मिसार्टन, कुणाला मेटफॉर्मिन दोन वेळा, कुणाला शुगरचीच ग्लिमेपिराइड. आम्ही कागदावर साधा गुणाकार मांडला. समजा साठ माणसं रोज एक अ‍ॅम्लोडिपिन घेतात, तर तीस दिवसांना १८०० गोळ्या, म्हणजे १८० पाकिटं. मेटफॉर्मिन दोन वेळा असेल तर तेवढ्याच माणसांना ३६००. वर एक महिन्याची राखीव. जिथे १८०० लागतात तिथे ५०० मागून ५०० दिल्या, तर कागद दोन्हीकडे चोख राहतो आणि नवव्या दिवशी वाडीतल्या गोळ्या संपतात.

ही काही आमची शोधाशोध नव्हे. इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह हा कार्यक्रम २०१७ मध्ये सुरू झाला. पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले २५ जिल्हे होते, त्यात आपले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. नोंदलेले पेशंट आणि ठरलेला उपचारक्रम यांवरून औषधं किती लागतील हे काढायचं, हा त्याचा एक मुख्य खांब. २०२२ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. प्रशिक्षणात हे सगळं आम्हाला दाखवलं जातं. पण प्रशिक्षणाची स्लाइड आणि वाडीतल्या माणसांची नावं लिहिलेली वही एका टेबलावर यायला मधे कुणीतरी चालत यावं लागतं.

एमओ साहेबांपुढे आम्ही दोघं एकत्र गेलो. एकट्यानं गेलं की ‘बघू’ असं उत्तर मिळतं, दोघांनी गेलं की ऐकून घेतलं जातं, हा माझा नोकरीतला अनुभव. साहेबांनी वही चाळली आणि म्हणाले, “माणसांची यादी दर महिन्याला अशीच आणा, मी सही करतो. पण गोळी देण्याआधी काय बघायचं ते पक्कं करू.” मग आम्ही तिघांनी बसून ठरवलं. बीपी १४०/९० च्या खाली असेल तर सीएचओंनी त्याच गोळ्या पुढे द्यायच्या. वर असेल तर आधी गोळ्या खरंच घेतल्यात का ते विचारायचं, घेतल्या असतील तर एमओंना कळवायचं. १८०/११० च्या पुढे असेल तर वाट न बघता पाठवायचं. पाय सुजले, चक्कर आली, उलट्या-जुलाब लागले तर गोळी देण्यापूर्वी फोन. पावसाळ्यात ओढे भरले की काही वाड्या तुटतात, त्यांना जूनमध्येच दोन महिन्यांचं औषध. डोस बदलायचा अधिकार मॅडमना नाही आणि मलाही नाही, तो एमओंचा. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात, कलम ३२ मध्ये, समुदाय आरोग्य सेवकांना मर्यादित परवाना द्यायची तरतूद आहे खरी, पण आमच्याकडचं काम डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच चालतं, आणि सध्या तरी मला ते बरं वाटतं.

यादी झाली तसा आणखी एक प्रश्न वर आला. मॅडम म्हणाल्या, “आपण देतो ती गोळी मला माहितीय. पण घरात आणखी काय आहे?” आमच्या भागातली निम्मी तरणी माणसं मुंबईत. आई-वडिलांचं बीपी निघालं की मुलगा तिकडच्या डॉक्टरांना दाखवतो, गोळ्या तिकडून येतात. शिवाय बाजाराच्या दिवशी गुडघ्यावरची गोळी, पित्तावरची गोळी. खिडकीवरच्या अर्ध्या मिनिटात यातलं मला काहीच दिसत नाही. मॅडमना घरात गेल्यावर सगळं दिसतं, पण पाकिटावरचं बारीक नाव कशाचं आहे हे दर वेळी ओळखू येतंच असं नाही. आशाताईंकरवी निरोप दिला, अमुक दिवशी उपकेंद्रात येताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. दुपारी दोन ओपीडींच्या मधे मी खाली जाऊ लागलो.

एक आजी सोनाराच्या दुकानाची कापडी पिशवी घेऊन आल्या. मॅडमनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि आजींनी पिशवी उलटी केली. आमची अ‍ॅम्लोडिपिनची पाकिटं, आमचीच टेल्मिसार्टन, कात्रीनं कापून चार-चार गोळ्यांचे तुकडे केलेलं मुंबईचं एक पाकीट, कागदाच्या पुडीत सुट्या पिवळ्या गोळ्या, कॅल्शियमची बाटली, आणि दोन एसटीची तिकिटं. मुंबईच्या पाकिटाचा तुकडा मी उजेडात धरला. नावाचा अर्धा भाग कापला गेला होता, पण मागे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५. एकाच गोळीत दोन्ही. म्हणजे आजी दोन्ही औषधं रोज दुप्पट घेत होत्या. पुडीतल्या गोळ्या डायक्लोफेनॅकच्या निघाल्या. दुकानाचं पाकीट त्यांनी घरी जपून ठेवलं होतं, त्याचा फोटो आशाताईंच्या फोनमध्ये होता.

“दोन्ही कशाला घेता आजी?” मॅडमनी विचारलं.

“ही सरकारी, ती पोराची. दोन्ही बीपीच्याच हाईत न्हवं, मग बरंच की.”

बसवून बीपी घेतलं तर ११०/७०. कार्डावर ‘नियंत्रणात’ लिहायला हरकत नव्हती, उलट पोर्टलवर ते हिरवं दिसलं असतं. मी मॅडमना म्हटलं, उभं करून बघू या का? त्यांनी आजींना हात देऊन उभं केलं, एका मिनिटानं घेतलं, तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घेतलं. वरचा आकडा वीसहून जास्त घसरला आणि आजींनी टेबलाची कड धरली. पहाटे उठताना चक्कर येते, म्हणून त्या गोठ्यात जायच्या बंद झाल्या होत्या. वय झालं, असं घरात धरून चालले होते.

एमओंना तिथूनच फोन लावला. मॅडमनी बसून आणि उभं राहून घेतलेले आकडे सांगितले, मी गोळ्या सांगितल्या. टेल्मिसार्टनबरोबर डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या रोज चालू असल्या की मूत्रपिंडावर ताण येतो, आणि बीपीही त्या गोळ्यांनी वाढतं, म्हणून क्रिएटिनिन बघायचं ठरलं. पिवळी गोळी बंद, गुडघ्याला पॅरासिटामॉल. आता राहिलं दुहेरी औषध. माझा सरळ हिशोब असा की सरकारी गोळी दर महिन्याला नक्की मिळते, तेव्हा मुंबईची बंद करावी. आजींनी मान हलवली.

“ती पोरानं धाडलीया. ती कशी सोडू?”

मॅडम पटकन म्हणाल्या, “नका सोडू. तीच घ्या, रोज एक. आमच्या सोडा.”

फोनवर एमओंनीही तेच बरं म्हटलं, एक गोळी लक्षात ठेवायला सोपी. आमची पाकिटं मॅडमनी परत घेतली. मात्र आजींचं नाव त्यांनी वहीतून खोडलं नाही, पुढे ‘राखीव’ लिहिलं. मुंबईची माणसं आली नाहीत तर त्या महिन्यात आजींना आपल्या गोळ्या लागणार, तेव्हा इंडेंटमध्ये त्यांचा वाटा हवाच. हे मला सुचलं नसतं. औषध मला कळतं, पण कुठल्या घरात कुठली गोळी टिकेल हे बाईंना कळतं. क्रिएटिनिन थोडं वाढलेलं आलं, त्यावर आता लक्ष आहे. चक्कर थांबली. गुडघे दुखतात ते दुखतातच, आणि आजी ते प्रत्येक भेटीत ऐकवतात.

पिशव्यांमधून पुढे बरंच निघालं. नवरात्रात मॅडमचा फोन आला: शुगरच्या एक बाई नऊ दिवस उपास करतात, संध्याकाळी एकदाच खातात, आणि ग्लिमेपिराइड सकाळी चहाआधी घेतात. अकराच्या सुमाराला घाम, थरथर. मेटफॉर्मिन एकटी असेल तर शुगर सहसा एवढी खाली जात नाही, ग्लिमेपिराइड मात्र पोटात काही असो-नसो शुगर उतरवतेच. एमओंनी त्या दिवसांपुरता डोस बदलून दिला. त्यानंतर आम्ही वहीत ग्लिमेपिराइडच्या नावांपुढे खूण केली आणि श्रावण, नवरात्र, रमजान यांच्या आधी त्या घरांना मॅडम किंवा आशाताई भेटतात. उपास करू नका असं सांगून कुणी ऐकत नाही. उपासाच्या दिवशी कुठली गोळी कशी घ्यायची ते डॉक्टरांना विचारून ठेवा, एवढं ऐकतात.

एका टीबीच्या पेशंटचं बीपी आधी अ‍ॅम्लोडिपिनवर व्यवस्थित होतं. टीबीचे उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांत चढायला लागलं. गोळ्या बुडवतोय, असं सगळ्यांना वाटलं. त्याची बायको मात्र रिकामी पाकिटं दाखवत होती आणि मॅडमचा तिच्यावर विश्वास होता. त्यांनी मला विचारलं. टीबीच्या औषधांतली रिफॅम्पिसिन यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा जोरात चालू करते, त्यामुळे अ‍ॅम्लोडिपिन शरीरात टिकत नाही. माणूस इमानदारीनं गोळी घेतो आणि गोळी लागू पडत नाही. एमओंनी उपचार बदलले. कार्डावर मॅडमनी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, ‘टीबीचा कोर्स संपल्यावर बीपीचं औषध परत तपासणे’. रिफॅम्पिसिन थांबली की काही आठवड्यांत उलटा प्रकार होतो. हे माझ्या खिडकीवर कधीच कळलं नसतं. टीबीची औषधं एका नोंदीत, बीपीची दुसऱ्या, आणि तो माणूस दोन्हींच्या मधे.

साध्या गोष्टीचाही खूप उपयोग झाला. सरकारी पुरवठ्यात कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो. गेल्या महिन्यात पांढरी, या महिन्यात गुलाबी. “ही आमची गोळी न्हवं,” म्हणून लोक पाकीट तसंच ठेवतात, किंवा जुन्या उरलेल्या आणि नव्या अशा दोन्ही घेतात. आता नवा माल आला की मी पाकिटाचा फोटो मॅडमना पाठवतो आणि त्या जुनं-नवं पाकीट शेजारी ठेवून लोकांना दाखवतात. पाच मिनिटांचं काम आहे.

माझा कॉलेजातला एक मित्र इंग्लंडमध्ये डॉक्टरांच्या दवाखान्यात फार्मासिस्ट आहे. तिकडे वेगळं प्रशिक्षण घेतलेले फार्मासिस्ट २००६ पासून स्वतः औषध लिहून देऊ शकतात, शेजारच्या खोलीत नर्स प्रॅक्टिशनर पेशंट तपासत असते. अमेरिकेत तर नर्स प्रॅक्टिशनरची सुरुवात १९६५ मध्येच कोलोरॅडोत लोरेट्टा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी केली. मित्र सांगतो तेव्हा हेवा वाटतो. पण त्यालाही पेशंटच्या घरातली पिशवी दिसत नाही, अशी त्याची तक्रार असते, तेव्हा जरा बरंही वाटतं.

सगळीकडे असं जुळलं नाही. दुसऱ्या एका उपकेंद्रातल्या सीएचओंना फार्मासिस्टनं गोळ्यांबद्दल विचारणं म्हणजे चौकशी वाटली. तिथून अजून गोल आकडेच येतात. त्यांचीही बाजू आहे. दिवसाचा अर्धा वेळ पोर्टलवर माहिती भरण्यात जातो, नोकरी कंत्राटी, त्यात आणखी एक वही कोण लिहील? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काम होईल असं वरिष्ठांना वाटतं. ग्रुपवर ‘नोटेड सर’ येतं. काम फोनवर होतं, आणि फोन तोच करतो ज्यानं एकदा तरी समोर बसून चहा घेतलाय.

सर्वांत कठीण दिवस साठा कमी पडतो तेव्हाचे. एकदा अ‍ॅम्लोडिपिन गरजेच्या निम्मीच आली. आधी येईल त्याला महिनाभराची द्यायची, ही जुनी रीत. मॅडमचं म्हणणं, सगळ्यांना पंधरा दिवसांची द्या. मला ते पटत नव्हतं, कारण लांबच्या वाडीतल्या माणसाला दोनदा उतरायला लावायचं म्हणजे दुसऱ्यांदा तो येणारच नाही. शेवटी वही काढली. लांबच्या वाड्यांना महिनाभराची, रस्त्यावरच्या गावांना पंधरा दिवसांची, आणि ज्यांना परवडतं त्यांना तालुक्याच्या जनऔषधी केंद्राचं नाव. शेजारच्या उपकेंद्रात काही पाकिटं मुदत जवळ आलेली पडून होती, ती एमओंच्या सहीनं इकडे वळवली. रस्त्यावरची माणसं माझ्यावर चिडली. चिडणं रास्तच होतं. पण त्या महिन्यात कुणाची गोळी पूर्ण तुटली नाही, हे वहीवरून नावानिशी सांगता येत होतं.

सध्या आमचं अडलंय ते इनहेलरवर. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बायकांना आणि खाणीवर काम केलेल्या दोघा-तिघांना साल्ब्युटामॉलचा इनहेलर दिलाय. मॅडमनी एकदा सगळ्यांना समोर ओढायला लावलं, तर कुणी तोंडात दाबून नाकानं श्वास घेतं, कुणी दोन्ही वेळा एकदमच दाबतं, एकीनं तर टोपण काढलंच नव्हतं. औषध जिभेवर जातं आणि ‘पंप लागू पडत नाही’ अशी तक्रार होते. स्पेसर, म्हणजे इनहेलरला जोडायच्या नळ्या, मिळावेत म्हणून मागणी केलीय, ती वर पोचेपर्यंत रिकाम्या इनहेलरवर मी शिकवायचं आणि पुढच्या भेटींत मॅडमनी करून घ्यायचं, असं ठरलंय. एमओ साहेबांनी बाजाराचा दिवस सोडून मोकळी दुपार दिली आहे. रिकामे इनहेलर मी भांडारातल्या खालच्या कप्प्यात वेगळे काढून ठेवलेत, आणि खोक्यावर लिहिलंय: टाकू नये, शिकवण्यासाठी.